टेपेस्ट्रीत फूल विणायला बसताय? आधी पन्हा (रुंदी) सांभाळा

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागेत साडीच्या मागावर ज्याचा हात बसलाय, त्याला टेपेस्ट्री, म्हणजे आडव्या धाग्यांनी विणलेलं चित्र, सोपी वाटते आणि नेमका तोच जास्त फसतो. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवा; याहून जास्त सांगत बसत नाही.

चौकट ३० सेंमी रुंद धरा. सेंटिमीटरला ३ याप्रमाणे ९० उभे धागे. ताण्याला घट्ट पिळाचा जाड सुती दोरा, बाण्याला लोकर. स्वेटरची ॲक्रिलिक लोकर नको. ओढली की लांबते, सोडली की आखडते. आपल्याकडच्या घोंगडीची काळी लोकर रंग घेत नाही, पण पानांच्या सावलीला झकास. खाली २ सेंमी साधी पट्टी विणा, मग फुलाला हात घाला.

आता जिथं सगळे अडकतात ते. टेपेस्ट्रीत ताणा सरळ राहतो. बाणा प्रत्येक धाग्याला वळसा घालून त्याला पूर्ण झाकतो. म्हणजे ३० सेंमी पन्ह्याला बाणा ३० सेंमीपेक्षा बराच जास्त लागतो. साडीसारखा सरळ, ताठ टाकलात तर कमी पडलेला धागा तो कुठून घेणार? काठाकडून, म्हणजे काठ आत ओढले जातात. साडीच्या मागावर फणी पन्हा धरून ठेवते. इथं धरणारं कुणी नाही. पहिल्या दहा ओळींत काहीच कळत नाही, हाच घात.

म्हणून बाणा टेकड्या करत, म्हणजे मधे मधे कमानीसारखा वर उचलून टाका: ५-६ सेंमीला एक, उंची दीड-दोन सेंमी. आधी दोन टेकड्यांमधला खळगा दाबा, मग टेकडी, मग हातातल्या फणीनं ठोका. काठाच्या वळणावर धागा सैल सोडून भागत नाही. तिथं नुसते फासे लोंबतात. पुन्हा सांगतो, चूक काठावर दिसते, झालेली असते मधे.

फुलात तर प्रत्येक पाकळीला स्वतःचे दोन काठ. बारा धाग्यांच्या पाकळीला एकच छोटी टेकडी पुरे. जास्त झाली तर पाकळी पुरीसारखी फुगते.

दर २ सेंमीला मोजपट्टी लावून पन्हा बघा. साडेएकोणतीस भरलं तर घाबरू नका, पुढच्या टेकड्या थोड्या उंच करा. २९ किंवा कमी? उसवा. पुढं रुंद करून भरून काढू म्हणाल, तर मधे कंबर दिसते आणि ती इस्त्रीनं जात नाही. उसवणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं, त्यात कमीपणा नाही. तुमच्यासाठी स्वतः उसवून देणारा गुरू मात्र टाळा. आणि ‘एका दिवसात फूल’ शिकवणाऱ्यांपासून तर लांबच राहा की ओ!

भरण्याचा क्रम: वर निमुळती होणारी पाकळी आधी, बाजूची जमीन (पार्श्वभूमी) नंतर. वर रुंदावणारी असेल तर उलट. आधी जमीन, मग तिच्यावर पाकळी टेकवायची. चुकलात तर खाली फणी जायला जागाच उरत नाही.

उंच, बारीक देठ असेल तर चित्रच आडवं करून विणा. युरोपातल्या कितीतरी जुन्या टेपेस्ट्री अशाच विणल्यात. उभ्या देठाच्या दोन्ही अंगांना दोन रंग वेगळे राहून फट पडते. २ सेंमीपेक्षा लांब फट मागून शिवा, नाहीतर पैठणीतल्यासारखे दोन रंगांचे बाणे एकमेकांत अडकवा. अडकवलेली रेघ किंचित दातेरी येते. पाकळीला शोभते, देठाला नाही.

पावसाळ्यात ताणाकडे लक्ष ठेवा. दमट हवेत सुती दोऱ्याचा ताण बदलतो, म्हणून रोज सकाळी विणण्याआधी बोटानं सगळे धागे छेडून बघा. एखादा ढिला लागला तर तेवढाच ओढून घ्या.