रिस्टोअर केलेली मर्सिडीज ‘पगोडा’ घेताय? या चुका टाळा

जाहिरातीत ‘फुल्ली रिस्टोअर्ड’ लिहिलेलं असतं, फोटोत क्रोम लखलखत असतं आणि निम्मा सौदा तिथेच मनात पक्का होतो. मर्सिडीजच्या डब्ल्यू ११३ मालिकेतल्या २३० एसएल, २५० एसएल आणि २८० एसएल या दोन सीटच्या उघड्या गाड्या आहेतच तशा देखण्या. मधोमध खोलगट असलेल्या, काढता येणाऱ्या टणक छपरामुळे तिन्हींना ‘पगोडा’ नाव पडलं. १९६३ ते १९७१ या काळात मिळून ४८,९१२ गाड्या बनल्या. त्यामुळे ‘अशी गाडी पुन्हा मिळायची नाही’ या धाकाला भीक घालू नका. गाड्या मिळतात, नीट काम झालेल्या कमी मिळतात.

इंजिन आधी, बॉडी नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बघायला गेलेला माणूस बोनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि खूश होतो. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं, पार्ट मिळतात, खर्चाचा अंदाजही बांधता येतो. गंजलेल्या बॉडीचं तसं नाही, पत्रा कापल्याशिवाय आत काय निघेल ते कळतच नाही.

उघड्या गाडीला वरून धरून ठेवणारं छप्पर नसतं. सगळा भार दारांखालचे सिल आणि फ्लोअर पेलतात. सिलच्या तळाची पाणी वाहून जायची भोकं बुजली की गंज आतून सुरू होतो, बाहेरून रंग मात्र आरशासारखा. आधी गाडी सपाट जमिनीवर असताना दाराच्या मागच्या कडेची फट बघा. ती वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधोमध खचलेली आहे. मग मालकाची परवानगी घेऊन गाडी तिच्या स्वतःच्या जॅक पॉइंटवर उचला. जॅक घालायची नळी सिलमध्येच असते, त्यामुळे परीक्षा नेमकी हवी तिथे होते. उचललेल्या अवस्थेत दार उघडून लावा. दार अडलं, कुठे घासलं किंवा नळीजवळ पत्रा कुरकुरला तर पुढे इंजिन बघायची गरजच उरत नाही. मालक जॅक लावूच देत नसेल तर तेही उत्तरच समजा.

पुढचे मडगार्ड या गाडीला बोल्टने नाही, वेल्डने बसवलेले असतात. बोनेट उघडून कडेच्या जोडावर बोट फिरवा. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे छोटे गोल खळगे ओळीने लागायला हवेत. जोड गुळगुळीत लागला तर मडगार्ड कधीतरी बदललंय किंवा वरून लांबी (पुट्टी) भरलीय. बदललं म्हणून गाडी वाईट ठरत नाही, पण विक्रेत्याने ते न विचारता सांगायला हवं होतं. खालून ताजा काळा अंडरकोट मारलेला असेल तर गंज झाकल्याची मला पहिली शंका तिथेच येते.

लोहचुंबकावर विसंबणं

लांबी शोधायला लोक खिशात लोहचुंबक घेऊन जातात. दारावर तो चिकटत नाही, बोनेटवर नाही, डिक्कीच्या झाकणावर नाही. झालं, ‘सगळी गाडी लांबीने भरलीय’ म्हणत घरी परततात. या गाडीचं बोनेट, डिक्कीचं झाकण, दारांचे बाहेरचे पत्रे आणि कापडी छपराच्या खणाचं झाकण मुळातच ॲल्युमिनियमचं आहे. चुंबक फिरवायचा तो मडगार्ड, सिल आणि फ्लोअरवर. रंगाची जाडी मोजायचं यंत्र नेत असाल तर लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही मोजणारं न्या, निव्वळ चुंबकीय यंत्र दारावर काहीच दाखवणार नाही.

नंबर न वाचणं

चेसिस नंबर बरंच बोलतो. सुरुवातीला ११३.०४२ असेल तर २३० एसएल, ११३.०४३ म्हणजे २५० आणि ११३.०४४ म्हणजे २८०. पुढचे दोन आकडे स्टिअरिंग आणि गिअर सांगतात: १० म्हणजे डावं स्टिअरिंग आणि हाताचे गिअर, १२ म्हणजे डावं आणि ऑटोमॅटिक, २० आणि २२ उजव्या स्टिअरिंगसाठी. नंबरात १२ आहे आणि आत क्लच पेडल दिसतंय, तर कोणीतरी गिअरबॉक्स बदललाय. २८० एसएलचा इंजिन नंबर १३०.९८३ ने सुरू होतो. आकडे वेगळे असतील तर इंजिन बहुधा त्याच काळातल्या एखाद्या सेडानचं आहे. गाडी त्यावर चालेल, पण ‘ओरिजिनल’ म्हणून भाव द्यायचं कारण नाही. मूळ डेटा कार्ड, म्हणजे कारखान्याचं गाडीच्या तपशिलांचं कार्ड, मागा, त्यावर इंजिन नंबर आणि रंगाचा कोड दोन्ही असतात. रंग बदललाय का ते कार्पेटखाली आणि डिक्कीच्या कोपऱ्यांत कळतं.

आणखी एक गंमत. कॅलिफोर्निया कूपे नावाच्या प्रकारात मागे छोटी सीट असते आणि कापडी छप्पर मुळातच नसतं. टणक छप्पर काढून फिरायला निघालात आणि पाऊस आला तर भिजायचं. कापडी छप्पर आहे का, हे आधी विचारा.

गरम इंजिन, आणि पंपाशी खेळ

बघायला जाण्याआधी गाडी सुरू न करायला सांगा. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घेत बसा, थंड होऊ द्या. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर येऊन लगेच थांबला तर बहुधा वाल्व्हचे सील गेलेत, ते आवाक्यातलं काम आहे. धूर चालू राहिला तर मामला पिस्टनच्या रिंगांपर्यंत जातो. इंजिन तापल्यावर रस्त्यावर ऑइल प्रेशरचा काटा ३ वर टेकायला हवा, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) खाली आला तर घाबरू नका. मग गाडी बंद करून पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू करून बघा.

आयडल डुलतंय, काळा धूर येतोय, पेट्रोलचा वास येतोय, की बरेच मेकॅनिक थेट इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या बॉशच्या मेकॅनिकल इंजेक्शन पंपाला हात घालतात. तिथेच घोळ होतो. आधी टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग. मग थ्रॉटलपासून पंपापर्यंतच्या लिंकेजच्या सळ्या, कारण त्या थोड्या जरी चुकल्या तरी हवा आणि पेट्रोलचा मेळ बसत नाही. थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी यंत्रणा तापल्यावर बंद होतेय का, तेही बघायचं. पंप सगळ्यात शेवटी. त्याच्या मागचा आयडलचा नॉब तर इंजिन बंद असतानाच फिरवायचा असतो, चालू इंजिनावर फिरवून बऱ्याच जणांनी चांगले पंप वाया घालवलेत.

उभी राहिलेली गाडी ‘कमी वापरलेली’ समजणं

रिस्टोअर होऊन वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली गाडी घेतलीत तर ब्रेकचं तेल, पेट्रोलचे रबरी पाइप आणि टायर बदलायचा खर्च गृहीत धरा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, २३१६ म्हणजे २०१६ मधला तेविसावा आठवडा. मागच्या ॲक्सलचा रबरी बूट फाटला असेल तर तिथून तेल गळतं. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना वेळोवेळी ग्रीस लागतं, ते विसरलं की स्टिअरिंग जड होतं. शेवटचं ग्रीसिंग कधी झालं, असं सहज विचारा. गाडी खरंच वापरात ठेवलेल्या माणसाला ते आठवतं किंवा तो वही काढतो.