सीएफवरचं संशोधन कसं वाचावं: आईवडिलांसाठी, एका मावशीकडून

मी सांगलीला कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. माझ्या भाचीला सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) आहे, म्हणजे फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा जन्मजात आजार, त्यामुळे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सीएफवर नवं औषध आलं’ असं काही आलं की ते वाचून सांगायचं काम माझ्याकडे येतं. ओळखीतून आणखी काही आईवडील विचारू लागले. त्यांना फोनवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषध सुरू करणं, थांबवणं, डोस ठरवणं हे तुमच्या डॉक्टरांचंच काम. पण ओपीडीत मिळतात त्या मोजक्या मिनिटांत काय विचारायचं, ते घरून ठरवून जाता येतं.

पेपर, म्हणजे छापून आलेला संशोधनाचा लेख, उघडण्याआधी मुलाचा जीन रिपोर्ट काढून समोर ठेवा. स्वेट टेस्टवर भागत नाही. घामातलं क्लोराइड ६० मिलिमोल प्रति लिटर किंवा त्यावर गेलं की सीएफच्या निदानाला भक्कम आधार मिळतो, पण जीनमधला बिघाड नेमका कोणता ते त्यावरून कळत नाही. सीएफटीआर हा जीन १९८९ मध्ये सापडला. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून, आणि सीएफ असलेल्या मुलाच्या दोन्ही प्रतींत बिघाड असतो. म्हणून रिपोर्टवर दोन बिघाडांची नावं शोधा (दोन्हीकडून एकच बिघाड आला असेल तर तसं लिहिलेलं असतं). एकच सापडला असेल तर पुढची तपासणी करायची का, हा डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न. सगळ्यात जास्त आढळणारा बिघाड एफ५०८डेल. काही रिपोर्टवर तोच ‘सी.१५२१_१५२३डेलसीटीटी’ असा छापलेला असतो. घाबरू नका, गोष्ट एकच आहे.

एवढा आग्रह अशासाठी की गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं सगळ्यात गाजलेलं संशोधन या बिघाडांच्या नावावर चालतं. आयव्हाकाफ्टर या औषधाला अमेरिकेत २०१२ मध्ये मंजुरी मिळाली ती जी५५१डी या बिघाडासाठी. २०१९ मध्ये आलेलं तीन औषधांचं मिश्रण, एलेक्साकाफ्टर-टेझाकाफ्टर-आयव्हाकाफ्टर, आधी तपासलं गेलं ते निदान एक प्रत एफ५०८डेल असलेल्या रुग्णांवर. युरोप-अमेरिकेत बहुतेक रुग्णांत ती एक प्रत असते. भारतीय मुलांत हे प्रमाण बरंच कमी आहे आणि वेगवेगळे दुर्मीळ बिघाड जास्त दिसतात. पुढे प्रयोगशाळेतल्या पेशींवर चाचणी करून आणखी बरेच बिघाड हे मिश्रण कुणाला चालतं त्या यादीत घातले गेले, म्हणून आपल्या मुलाच्या बिघाडाचं नाव यादीत आहे का ते बघाच. मुलाच्या दोन्ही प्रतींतले बिघाड असे असतील की सीएफटीआरचं प्रथिन तयारच होत नाही, तर तिथे ही औषधं काम करत नाहीत, कारण दुरुस्त करायला प्रथिनच नसतं. वर्षाला तीन लाख डॉलरहून जास्त छापील किंमत असलेल्या औषधासाठी कुणी जमीन विकायचा विचार करत असेल, तर त्याआधी या दोन नावांचा निकाल लागायला हवा. हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते.

आता पेपर. निष्कर्षाचा परिच्छेद आधी वाचू नका. आधी ‘अभ्यासात कोण होतं’ ते वाचा: वय, बिघाड, फुप्फुसाची ताकद, आणि कुणाला घेतलं नाही. मग मुख्य मोजमाप कोणतं ठरवलं होतं ते. मग आकडे. निष्कर्ष सगळ्यात शेवटी.

एक पेपर धरून दाखवते. मुद्दाम असा निवडला आहे ज्यातलं औषध आपल्याला परवडतं: सात टक्के मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन, म्हणजे यंत्रानं त्याचे बारीक तुषार करून ते श्वासातून घेणं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातला अभ्यास छापून आला. १६४ रुग्ण, ४८ आठवडे. निम्म्यांना ७ टक्के सलाईन, निम्म्यांना ०.९ टक्के, दोघांनाही दिवसातून दोनदा ४ मिली, आणि आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध. खारटपणावरून कुणाला काय मिळतंय ते ओळखू येऊ नये म्हणून दोन्हींत कडू चवीचं क्विनाइन मिसळलेलं होतं. असा बारकावा दिसला की माझा त्या पेपरवरचा विश्वास वाढतो, कारण आपण खरं औषध घेतोय हे कळलं तर माणसाला बरं वाटू लागतं आणि आकडे बिघडतात.

मुख्य मोजमाप होतं फुप्फुसाची ताकद कोणत्या वेगानं बदलते ते. त्यात दोन गटांत फरक आढळला नाही. इथे थांबलात तर ‘उपयोग नाही’ असं वाटेल. पुढे वाचा. संपूर्ण काळाची सरासरी घेतली तर एफईव्ही-१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, ७ टक्केवाल्या गटात ६८ मिलीनं जास्त होती. कंसात कॉन्फिडन्स इंटरव्हल दिलेला आहे, ३ ते १३२ मिली. खरा फायदा १३२ मिली असू शकतो तसा ३ मिलीसुद्धा असू शकतो, म्हणून या ६८ वर मी फार भार टाकणार नाही. पण छाती बिघडून उपचार वाढवावे लागण्याचे प्रसंग ५६ टक्क्यांनी कमी झाले. असा एकही प्रसंग न येता काळ पार पाडणारे ७६ टक्के, दुसऱ्या गटात ६२ टक्के. वजाबाकी करा, १४. शंभर भागिले चौदा, साधारण सात. सात जणांनी ४८ आठवडे हे घेतलं तर त्यातल्या एकाचं बिघडणं पूर्ण टळतं. हा हिशोब कागदावर स्वतः करा, कारण ‘५६ टक्के’ ऐकून मनात जे चित्र उभं राहतं त्यापेक्षा हे चित्र जमिनीवरचं आहे. आणि मिठाच्या पाण्यासाठी ते मला पुष्कळ वाटतं.

हे सहा वर्षांवरच्यांचं झालं. चार महिने ते पाच वर्षांखालच्या ३२१ मुलांवर हाच प्रयोग झाला, तो २०१२ मध्ये छापला गेला. तिथे छाती बिघडण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, वर्षाला २.३. म्हणून दोन वर्षांच्या बाळाच्या आईला २००६ चा आकडा सांगणं बरोबर नाही. तिचा प्रश्न वेगळा, तिचा पेपर वेगळा. शिवाय या सलाईननं काहींच्या श्वासनळ्या आवळतात, त्यामुळे पहिला डोस दवाखान्यातच, आधी आणि नंतर फुंकण्याची तपासणी करून घ्या.

टक्क्यांबाबत एक सावधगिरी. तीन औषधांच्या मिश्रणाचा ४०३ रुग्णांवरचा अभ्यास सांगतो की एफईव्ही-१ मध्ये प्लासिबोच्या (औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीच्या) तुलनेत १४.३ अंशांचा फरक पडला. हे टक्केवारीतले अंश आहेत: त्या वयाला-उंचीला अपेक्षित हवेच्या ६० टक्क्यांवरून ७४ च्या आसपास. बातमीत नुसतं ‘१४ टक्के सुधारणा’ आलं तर ६० चे १४ टक्के धरून कुणी ६८ समजेल. काही जुने पेपर खरोखरच तसा सापेक्ष आकडा देतात. तक्त्याच्या मथळ्यात कोणता आहे ते बघा.

दुष्परिणामांचा तक्ता वगळू नका, आणि त्याच अभ्यासाचा पाठपुरावा पुढे कधी छापला गेला का तेही शोधा. १९९५ मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात २८५ मुलांना दिवसाआड प्रेडनिसोलोनच्या कुळातलं स्टेरॉइड किंवा प्लासिबो दिलं होतं. फुप्फुसाला फायदा दिसला, पण वाढ खुंटली, आणि जास्त डोसच्या गटाचं औषध वेळेआधी थांबवावं लागलं. काही वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा औषध बंद होऊनही मुलग्यांची उंची कमीच राहिलेली होती. पहिला पेपर एकटा वाचणाऱ्याला हे दिसलं नसतं.

भारतातले अभ्यास थोडे आहेत, म्हणून जे आहेत ते आवर्जून मागून घ्या. दिल्लीच्या एम्समध्ये मुलांवर ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचे दोन डोस ताडून पाहिले, रोज किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि १५ मिलिग्रॅम. फरक आढळला नाही. आपल्या मुलाला मोठा डोस चालू असेल तर हा पेपर डॉक्टरांपुढे ठेवण्यासारखा आहे. जोडीला, हे औषध सुरू करण्याआधी थुंकीत एनटीएम, म्हणजे टीबीच्या जातकुळीतले पण वेगळे जंतू, नाहीत ना याची तपासणी झाली का तेही विचारा.

फुप्फुसाबाहेरच्या गुंतागुंतीवर मोठे अभ्यास कमी, आणि तिथे आपण फार गाफील असतो. सीएफमुळे होणारा मधुमेह लवकर लक्षात येत नाही. दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज पाजून तपासणी करावी असं मार्गदर्शक सूत्र आहे. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नये, कारण सीएफमध्ये ते दिशाभूल करू शकतं. पचनाच्या एन्झाइम कॅप्सूल मनानं वाढवू नका. १९९० च्या दशकात फार जास्त डोस घेणाऱ्या मुलांची मोठी आतडी जाड होऊन अरुंद झाली, आणि त्यातूनच दिवसाला किलोमागे १०,००० लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) युनिटची मर्यादा आली. तिसरी गोष्ट आपल्या उन्हाळ्याची. घामावाटे मीठ जाऊन सोडियम-पोटॅशियम घसरतं, बाळ मलूल पडतं, उलट्या करतं. याबद्दलची बरीच माहिती एकेका रुग्णाच्या नोंदींतून आली आहे, मोठ्या ट्रायलमधून नाही. तरी ती हलकी मानू नका. एप्रिल-मे येण्याआधी मिठाचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

एखाद्या ट्रायलमध्ये मुलाला घ्यायचं विचारलं, तर सीटीआरआय या भारतीय नोंदवहीत तिचं नाव शोधा. ती २००७ पासून इंटरनेटवर मोफत आहे. नोंद कधी केली, मुख्य मोजमाप कोणतं ठरवलं, एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, हे तिथे दिसतं. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी न्या, रात्रभर वाचा. सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचाही होकार घ्यावा लागतो. सहीच्या कागदाची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांत आहे, आणि कारण न देता केव्हाही बाहेर पडता येतं. दोन प्रश्न मात्र तोंडी नक्की विचारा. ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहील का? आणि तपासणीच्या दिवशी सीएफची इतर मुलं त्याच खोलीत बसणार का? सीएफच्या मुलांचे जंतू एकमेकांना लागतात, त्यामुळे त्यांच्यात निदान दोन मीटर अंतर लागतं आणि तोंडाला मास्क. पालकांना एकमेकांशी बोलायचं असेल तर मुलांना न आणता भेटा.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढंच लिहून न्या: मुलाचे दोन बिघाड, वय आणि वजन, शेवटचे दोन एफईव्ही-१ तारखेसह, थुंकीच्या कल्चरमध्ये शेवटचं काय उगवलं. त्याखाली पेपरमधल्या मुलांचं तेच. जिथे जुळत नाही तिथे खूण करा आणि बोलणं त्या खुणेपासून सुरू करा. पेपरचं पहिलं पान छापून सोबत ठेवा, म्हणजे डॉक्टरांना तो शोधत बसावं लागत नाही.