घरातली गाणी-फोटो कॉम्प्युटरवर नीट लावून ठेवायला बसण्याआधी काय काय हाताशी हवं

सगळ्यात आधी सॉफ्टवेअर शोधत बसू नका, मी तेच केलं आणि तीन संध्याकाळी नुसत्या थीम बदलण्यात गेल्या. पहिले घरात जिथे जिथे काय आहे ते एका टेबलावर आणा, जुना लॅपटॉप, आईचा फोन, ड्रॉवरमधले पेनड्राइव्ह, लग्नाची डीव्हीडी, आणि मार्करने नाव लिहिलेल्या सीड्या. सीड्यांना पहिला नंबर द्या, घरी राइट केलेली सीडी आज चालली म्हणून पुढच्या दिवाळीला चालेलच असं नाही, आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो त्यामुळे यूएसबीवाला कुणाकडून तरी मागून आणा. लग्नाच्या डीव्हीडीत १-१ जीबीचे तुकडे दिसतील, त्यातला एकच उचलू नका, अख्खा फोल्डर घ्या, हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून नंतर एक फाइल करता येते.

मग जागा. एमपीथ्री १२८ची (म्हणजे १२८ केबीपीएस, गाण्याच्या क्वालिटीचा आकडा) असेल तर मिनिटाला साधारण १ एमबी, ३२०ची असेल तर २.४, म्हणजे गाण्यांचं टेन्शन नाही, डिस्क भरते ती व्हिडिओने. एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, दुसरी बॅकअपला. डिस्कचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेतच नाही, तो एक्सफॅट करून घ्या (फॉरमॅट मारला की आतलं सगळं जातं बरं का, आधी बघा आत काय आहे ते). जुन्या यूएसबी २च्या पोर्टवर ५०० जीबी कॉपी व्हायला साडेचार-पाच तास सहज लागतात, तेव्हा स्लीप मोड बंद करा, रात्री लावा आणि झोपा.

आता खरं डोकं खाणारी गोष्ट, नावं. फोटोंचं सोपं आहे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गणपती की बारसं ते, असं लिहिलं की फोल्डर आपोआप ओळीत लागतात. फोल्डरात फोल्डर घालत बसू नका, विंडोजमध्ये पूर्ण पाथ (सगळ्या फोल्डरांची नावं आणि फाइलचं नाव मिळून) २६० अक्षरांच्या पुढे गेला की कॉपी करताना अडतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीखच राहत नाही, नावात दिसते ती फोटो इकडून तिकडे गेला त्या दिवसाची, त्यामुळे २०१४ची मुंज २०२०मध्ये दिसली तर घाबरू नका, मूळ फोटो ज्याने काढला त्या काकाकडून मागवा. आणि जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी काढली की घड्याळ मागे जायचं, अशा सगळ्या फोटोंच्या तारखा डिजीकॅम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदम पुढे सरकवता येतात.

गाण्यांचं मात्र वेगळं, कारण टॅगचे (फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती) ते सगळे रकाने अल्बम आणि आर्टिस्ट धरून बनवलेले, आणि आपण शोधतो रागाच्या, नाहीतर संगीतकाराच्या नावाने. माझ्याकडे किशोरीताई आमोणकर इंग्रजी स्पेलिंगच्या फरकाने तीन वेगवेगळ्या गायिका झाल्या होत्या! म्हणून बसायच्या आधी वहीत एक पान करा, कोणाचं नाव कसं लिहायचं ते एकदा ठरवा आणि मोडू नका. मी फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवतो आणि आतला टॅग मराठीत, कारण गाडीतल्या जुन्या स्टिरिओला देवनागरी दिसली की नुसते चौकोन येतात. राग मी जॉनरच्या (गाण्याचा प्रकार) रकान्यात टाकतो, शास्त्राला धरून नसेल पण भूप शोधला की भूप सापडतो. टॅग भरायला एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर पुरे, एकदम पन्नास फाइली निवडून भरता येतं.

डुप्लिकेट शेवटी, आणि डिलीट त्याच्याही नंतर. दुसऱ्या डिस्कवर कॉपी झाली, त्यातल्या दहा-बारा फाइली उघडून बघितल्या, मगच जुनं उडवा. आईच्या फोनमधले गुड मॉर्निंगवाले गुलाब तर विचारल्याशिवाय अजिबात नाही, आमच्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला होता.