वारीच्या छायाचित्रांमागची गोष्ट लिहिताना या चुका टाळा

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते, आणि तेव्हापासून आषाढी एकादशीपर्यंत पंढरपूरच्या वाटेवर टाळ-मृदंगांच्या जोडीने कॅमेरेही चालत असतात. या वाटेवर काढलेली कितीतरी छायाचित्रे उत्तम असतात. त्यांच्याखालचा मजकूर मात्र बहुतेक वेळा ‘भक्तीचा महासागर’, ‘अवघा रंग एक झाला’ किंवा ‘विठुरायाच्या भेटीची आस’ यांपैकी एखाद्या ओळीवर संपतो. ही ओळ कोणत्याही वर्षीच्या कोणत्याही छायाचित्राखाली चालते, म्हणूनच ती त्या एका छायाचित्राविषयी काहीच सांगत नाही.

छायाचित्रामागची गोष्ट सांगायची म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची. त्या क्षणी समोर नेमके काय चालले होते, आणि ते टिपताना आपण काय ठरवले. ही उत्तरे विचारपूस केल्याशिवाय आणि वेळीच टिपून ठेवल्याशिवाय मिळत नाहीत. पुढे ज्या चुका मांडल्या आहेत त्या बहुतेक याच दोन ठिकाणी होतात.

दिसते तेच शब्दांत पुन्हा सांगणे

डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रीच्या छायाचित्राखाली ‘डोक्यावर तुळस घेऊन चालणारी वारकरी महिला’ असे लिहिल्याने वाचकाच्या हाती नवे काही पडत नाही. ती तुळस कोणत्या दिंडीची आहे, दिवसभर ती एकीच्याच डोक्यावर असते की बायका आळीपाळीने घेतात, विसाव्याला ती कुठे ठेवतात, हे छायाचित्रात दिसत नाही आणि तेच सांगण्यासारखे असते. विणेकऱ्याचेही तसेच आहे. दिंडीतली वीणा जमिनीवर ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून उतरली की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. हे ज्याला माहीत आहे त्याला वीणा हातातून हाती जाण्याचा क्षण टिपता येतो, आणि त्याखाली दोन साधी वाक्ये लिहिली तरी वाचक त्या छायाचित्राकडे पुन्हा वळून पाहतो.

प्रसंग समजून न घेता अर्थ लावणे

ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण ती सुंदर भाषेत लपून जाते. माउलींच्या सोहळ्यातील समाजआरतीचेच उदाहरण पाहा. संध्याकाळी पालखी मुक्कामाच्या तळावर पोहोचते, दिंड्या गोलाकार उभ्या राहतात आणि टाळ-मृदंगांचा गजर टिपेला गेलेला असतो. त्यात चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारे मानकरी, हातातला चोप (दंड) उंच करतात आणि तो सगळा गजर थांबतो. दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू आणि दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ यांची माहिती दिली जाते आणि मग आरती होते. मात्र चोप वर गेल्यावरही एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर त्याचा अर्थ त्या दिंडीची काही तक्रार आहे, असा असतो. चोपदार तिथे जातात, म्हणणे ऐकून घेतात आणि मग ते टाळ थांबतात.

आता समजा, एखाद्याने नेमके त्याच वेळी टाळ वाजवणाऱ्या त्या दिंडीचे छायाचित्र घेतले आणि खाली लिहिले, ‘देहभान हरपून नामात तल्लीन झालेले वारकरी’. छायाचित्र खरे आहे, ओळ गोड आहे आणि अर्थ पूर्णपणे उलटा आहे. ती माणसे त्या वेळी अतिशय भानावर असतात; हजारो लोकांसमोर आपले गाऱ्हाणे मांडण्याची, पिढ्यानपिढ्या चालत आलेली आणि शिस्तीने पाळली जाणारी रीत ती बजावत असतात. तीच नोंद अशी लिहिता आली असती: ‘समाजआरतीची वेळ. चोपदारांनी चोप वर केल्यावर बाकी सर्व दिंड्या शांत झाल्या आहेत. तक्रार असलेली ही एकच दिंडी टाळ वाजवते आहे, आणि उजवीकडून चोपदार तिच्याकडे येत आहेत.’ या नोंदीत सजावटीचे एकही विशेषण नाही, तरी वाचक आता छायाचित्राच्या उजव्या कडेला दिसणाऱ्या त्या माणसाला शोधतो.

रिंगणातही असेच घडते. रिंगणात, म्हणजे वारकऱ्यांनी मोकळ्या ठेवलेल्या जागेत, दोन अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो आणि दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच नसते. तो माउलींचा अश्व, त्यावर स्वतः माउली आरूढ असतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ही एक गोष्ट सांगितली नाही, तर दूरदेशीच्या वाचकाला तो स्वार पडून मोकळा सुटलेला घोडा वाटू शकतो. आणि अश्व निघून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी वाकलेली माणसे काय वेचत आहेत, हेही त्याला उमगत नाही.

या चुकीवरचा उपाय सोपा आहे, पण त्याला वेळ द्यावा लागतो. दिंडीसोबत निदान एक दिवस कॅमेरा खाली ठेवून चालावे, विणेकऱ्यांना किंवा दिंडीप्रमुखांना विचारावे आणि ऐकलेले दुसऱ्या एखाद्या जाणत्या वारकऱ्याकडून पडताळून घ्यावे. ‘माउली, हे काय चाललंय?’ असे विचारल्यावर वारीत सहसा कोणी उत्तर द्यायचे टाळत नाही.

माणसाचा चेहरा घेणे, पण नाव न विचारणे

अमेरिकेतल्या मंदीच्या काळात, मार्च १९३६ मध्ये, डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाण्याच्या तोडणीसाठी आलेल्या मजुरांच्या तळावर एका आईचे छायाचित्र घेतले. गालाला हात लावून दूर पाहणारी ती आई आणि तिच्या खांद्यांवर तोंड फिरवून रेललेली मुले यांचे ते छायाचित्र जगभर पोहोचले. लँग यांनी त्या बाईंचे वय विचारले होते, नाव विचारले नव्हते. त्या बाईंचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होते, हे लोकांना कळायला १९७८ साल उजाडावे लागले. मधल्या काळात लँग यांनी १९६० मध्ये त्या भेटीची आठवण लिहिली आणि त्या बाईंनी अन्नासाठी गाडीचे टायर नुकतेच विकले होते, असे त्यात सांगितले. थॉम्पसन यांच्या कुटुंबाने पुढे ते साफ नाकारले. टायर विकलेच नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते.

लँग यांनी जाणूनबुजून खोटे लिहिले, असे मला वाटत नाही. अशा तळांवर त्या असंख्य माणसांना भेटत होत्या आणि एकाची हकिकत दुसऱ्याच्या चेहऱ्याला चिकटणे अगदी शक्य आहे. वारीत तर हा धोका अधिकच आहे, कारण दिवसभरात शेकडो चेहरे समोरून जातात आणि त्यांतल्या अनेकांचा वेषही सारखाच असतो. म्हणून ज्याचे छायाचित्र जवळून घेतले त्याचे नाव, गाव आणि दिंडी तिथल्या तिथे टिपावी. छायाचित्राचा फाइल-क्रमांक त्याच ओळीत लिहावा. हात मोकळे नसतील तर मोबाइलवर त्यांच्याच आवाजात नाव-गाव सांगून घ्यावे. नाव मिळालेच नाही तर ‘नाव विचारता आले नाही’ असे स्पष्ट लिहावे. ‘एक विठ्ठलभक्त’ ही उपाधी देऊन ती उणीव झाकू नये.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सुरकुतलेला चेहरा दिसला की ‘ऐंशी वर्षांच्या आजी’, अनवाणी पाय दिसले की ‘गरिबीतही अढळ श्रद्धा’ असे लिहिण्याची ओढ फार असते. वय विचारल्याशिवाय लिहू नये. अनवाणी चालणे हे कित्येकांचे व्रत असते. त्यावरून त्यांच्या घरच्या परिस्थितीचा अंदाज बांधणे हा त्या माणसावर अन्यायच आहे.

आपण काय ठरवले, हे न सांगणे

अनेकजण छायाचित्राखाली लेन्स, छिद्रमान (ॲपर्चर), शटरचा वेग आणि आयएसओ लिहितात आणि विचारप्रक्रिया सांगून झाली असे मानतात. शटर १/१५ सेकंद होता, हा नुसता आकडा. ‘अश्वाबरोबर कॅमेरा फिरवत १/१५ सेकंदावर छायाचित्र घेतले, कारण मला भोवतीच्या गर्दीतले चेहरे पुसून टाकायचे होते आणि फक्त अश्वाची मान स्थिर हवी होती’ असे लिहिले की वाचकाला तुमचा हेतू कळतो, आणि तो हेतू साधला की नाही हेही तो स्वतः ठरवू शकतो.

चौकटीबाहेर काय राहिले हेही या निर्णयातच येते. हडपसरहून सासवडकडे जाताना दिवे घाटाच्या वळणांवर वारकऱ्यांची पांढरी रेघ दिसते. ते दृश्य वरून टिपण्यासाठी दरवर्षी छायाचित्रकारांची गर्दी होते, आणि वरून पाहिले की माणूस ठिपका होतो. हे चुकीचे नाही. पण घाट चढताना रथाला जोडलेल्या जादा बैलजोड्या, चढावर धाप लागून कडेला बसलेली माणसे आणि पाण्याचे टँकर वरून दिसत नाहीत. आपण उंचावरची जागा का निवडली आणि तिथून काय दिसले नाही, हे एका वाक्यात सांगितले तर ते छायाचित्र अधिक प्रामाणिक होते.

घडवून आणलेल्या क्षणाबद्दल मात्र मी कठोर आहे. विसाव्याच्या ठिकाणी दोन बायकांची फुगडी संपली, छायाचित्र हुकले आणि म्हणून त्यांना पुन्हा खेळायला लावले, तर तसे लिहावे. आकाश कोरे होते म्हणून संगणकावर काळे ढग भरले असतील, तर आधी ते करूच नये. केलेच असेल तर लपवू नये. वारीच्या काळात पाऊस आला की नाही हा शेतकरी वारकऱ्यांच्या दृष्टीने फार मोठा प्रश्न असतो, आणि ज्या वर्षी पेरण्या खोळंबल्या त्या वर्षीच्या छायाचित्रात ढग दाखवणे म्हणजे त्यांच्या त्या वर्षाची नोंदच बदलणे आहे.

सगळेच सांगून टाकणे

विश्वासाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट प्रसिद्धीसाठी नसते. चालता चालता कोणी घरातले आजारपण, कर्ज किंवा मुलाशी झालेली ताटातूट सांगते, आणि ती हकिकत छायाचित्राला फार ‘वजन’ देईल असे वाटते. लिहायच्या आधी ‘हे छापले तर चालेल का?’ असे वेगळे विचारावे; छायाचित्राला मिळालेला होकार हकिकतीला लागू होत नाही. गर्दीत चुकलेल्या लहान मुलाचे नाव, गाव आणि चेहरा एकत्र प्रसिद्ध करू नये. नदीवर स्नान करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे कितीही आदराने लिहिलेल्या मजकुरासह दिली तरी ती देऊ नयेत, आणि खरे तर काढूच नयेत.

अभंगाची ओळ चिकटवून मोकळे होणे

ओळ कोणाची आहे हे गाथेत पाहून खात्री करावी. चित्रपटगीताची ओळ तुकोबांच्या नावावर फिरताना वारंवार दिसते. ओळ बरोबर असली, तरी ती त्या क्षणी दिंडीत म्हटली जात होती की घरी आल्यावर आपल्याला आठवली, हा फरक लिहिताना ठेवावा.

नोंद छायाचित्रापासून तुटणे

निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवून घ्यावे. नाहीतर नीरा स्नान आधी की लोणंदचा मुक्काम आधी, हे नंतर फाइलींवरून लावता येत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्रातून त्यात साठवलेली माहिती गळून जाते, त्यामुळे मूळ फाइल पाठवायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. नाव, ठिकाण, तिथी आणि तारीख छायाचित्राच्या फाइलमधील कॅप्शनच्या रकान्यातच भरून ठेवली, तर छायाचित्र कुठेही गेले तरी नोंद त्याच्यासोबत राहण्याची शक्यता वाढते.

चूक कळल्यावर गुपचूप पुसणे

दिंडीचे नाव चुकले, रिंगणाचे गाव चुकले, असे कोणी दाखवून दिले तर मजकूर दुरुस्त करावाच, आणि खाली तारखेसह ‘या नोंदीत आधी अमुक लिहिले होते, ते चुकीचे होते’ अशी ओळ ठेवावी. जुना मजकूर तोपर्यंत इतरांनी उतरवून घेतलेला असतो आणि त्यांना कोणता पाठ खरा हे कळायला दुसरा मार्ग नसतो. सगळ्यांत आधी ती दुरुस्ती छायाचित्रातल्या माणसापर्यंत किंवा त्यांच्या दिंडीपर्यंत पोहोचवावी. शक्य असेल तर छापील प्रत द्यावी आणि तिच्या मागच्या बाजूला दुरुस्त केलेली नोंद स्वच्छ अक्षरात लिहावी.