चित्रीकरण थांबवायचे कुठे? कबड्डीच्या मुलांना खेळ वाचायला शिकवताना

कोकणात जून ते सप्टेंबर मातीच्या मैदानावर चढाई-पकडीचा सराव होत नाही. हे महिने नुसत्या जोर-बैठकांत घालवण्यापेक्षा मुलांना त्यांच्याच मागच्या हंगामातील सामन्यांचे चित्रीकरण दाखवावे. दूरचित्रवाणीवरील सामने या कामाचे नाहीत. २०१४ पासून प्रो कबड्डी घरोघरी पोहोचली खरी, पण कॅमेरा चढाईपटूच्या जवळ गेला की पलीकडचा कोपरारक्षक, म्हणजे टोकाला उभा राहणारा बचावपटू, कुठे होता ते दिसतच नाही.

मोबाइल अंतिम रेषेच्या मागे, शाळेच्या गच्चीवर किंवा चिऱ्याच्या गडग्यावर स्थिर ठेवावा आणि सातही बचावपटू चौकटीत राहतील असे पाहावे. अख्ख्या सामन्यातून सहाच चढाया निवडाव्यात. एक चढाई फार तर ३० सेकंदांची, म्हणजे पाहणे तीन मिनिटांचे आणि उरलेला तास बोलण्याचा.

खरी अडचण चित्र थांबवण्यात आहे. पहिली काही वर्षे मी नेमका गडी बाद होतो त्या क्षणी थांबवून "हे बघ, इथे चुकलास" असे सांगत असे. डावा कोपरा सांभाळणारा एक मुलगा तेव्हा मान खाली घालून बसला आणि पुढचे तीन दिवस वाडीतल्या लग्नाचे निमित्त सांगून आलाच नाही. चूक माझी होती, कारण फसलेली पकड सगळ्यांनाच दिसते; निर्णय त्याच्या दोन सेकंद आधी झालेला असतो, आणि थांबायचे ते तिथे.

उदाहरणार्थ, मैदानात सहा बचावपटू आहेत, म्हणजे बोनस, बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून चढाईपटूला मिळणारा जादा गुण, खुला आहे. चढाईपटू निदान रेषा, म्हणजे चढाईत ओलांडावी लागणारी रेषा, ओलांडून पुढचा पाय बोनस रेषेकडे सरकवतो आणि आपला कोपरारक्षक घोट्यावर झेपावण्याच्या तयारीत आहे. चित्र इथेच थांबवावे आणि "आता काय होईल?" एवढेच विचारावे. प्रश्न आधी साखळीतील, म्हणजे हात धरून उभ्या असलेल्या, त्याच्या जोडीदाराला, मग इतरांना, आणि ज्याची पकड फसली त्याला सर्वांत शेवटी. उत्तर स्वतः देऊ नये. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजतो, कारण शांतता मुलांपेक्षा प्रशिक्षकालाच जास्त टोचते. एकदा अशाच शांततेत, एरवी तोंड न उघडणारा उजवा मध्यरक्षक म्हणाला, "सर, मागची टाच अजून जमनीक टेकलेली आसा." सगळा धडा त्या टाचेत होता. बोनससाठी मागचा पाय हवेत असावा लागतो. टाच टेकलेली असेल तर पुढचा पाय हे आमिष आहे आणि झेपावणारा कोपरा आयताच बाद होतो. तीच चढाई पाच बचावपटूंपुढची असती तर बोनस मिळालाच नसता, म्हणून प्रत्येक वेळी आधी मैदानातील गडी मोजायला लावावेत.

त्यानंतर पडवीत खडूने निदान रेषा आणि तिच्यापासून एक मीटरवर बोनस रेषा आखून तीच चढाई संथपणे चालवून घ्यावी.

कापलेल्या चढाया पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र टाकू नयेत. एका मुलाची फसलेली पकड संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीने पाहिलेली असते, आणि पुढच्या बैठकीत तो मुलगा कितीही विचारले तरी बोलत नाही.