प्राचीन भारत 'सोपा' समजून ऑप्शनल घेणाऱ्यांसाठी

यूपीएससीला इतिहास ऑप्शनल (वैकल्पिक विषय) घेतलेल्या बहुतेकांचा प्राचीन भारत पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच 'होऊन जातो'. हडप्पा झालं, वैदिक झालं, बुद्ध-महावीर झाले, चला पुढे सुलतानशाही. नावं शाळेपासून ओळखीची, त्यामुळे आपल्याला येतंय असं वाटत राहतं. पहिली टेस्ट तपासून आली की भ्रम फिटतो. माझ्या उत्तरांच्या समासात तपासणाऱ्यांनी जागोजाग एकच शेरा मारला होता: "कशावरून?" तेव्हा भयंकर राग आला होता. पण या पेपरची सगळी गोम त्या शेऱ्यात आहे.

सापळा असा असतो. उत्खननात वस्तू सापडते, कोणीतरी तिचा अर्थ लावतो, आणि आपल्या नोट्समध्ये येईपर्यंत वस्तू गळून पडते, नुसता अर्थ उरतो. इनामगाव घ्या. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे खोदकाम केलं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० पर्यंतची शेतकऱ्यांची वस्ती. लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात घरातल्या जमिनीखालीच पुरलेलं. मोठ्या माणसांच्या अनेक सांगाड्यांना घोट्यापासून खाली पाय नाहीत, ते तोडलेले. इथपर्यंत पुरावा. आता तुमच्या नोट्स उघडा. तिथे लिहिलेलं असेल, "मृताचं भूत होऊन पळून जाऊ नये म्हणून पाय तोडत." हा अंदाज आहे. चांगला अंदाज आहे, कदाचित बरोबरही असेल, पण त्या लोकांनी लिहून काहीच ठेवलेलं नाही. उत्तरात "पाय तोडलेले आढळतात, मृतात्म्याच्या भीतीशी याचा संबंध जोडला जातो" एवढं लिहिलंत की तपासणारा खूश. मी भूत थेट पुरावा म्हणून लिहीत होते.

मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध 'पशुपती' मुद्रा म्हणजे याच सापळ्याचं मोठं भावंड. आसनावर बसलेली शिंगांचा मुकुट घातलेली आकृती, भोवती हत्ती, वाघ, गेंडा, म्हैस, आसनाखाली हरणासारखे प्राणी. मुद्रेवरची लिपी आजही वाचता आलेली नाही. पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी १९३१ च्या अहवालात तीन मुखं, योगासन आणि भोवतीचे पशू यांवरून हा शिवाचा आद्य अवतार असावा असं मांडलं. पुढे हरकती आल्या. वेदांमधला पशुपती गुराढोरांचा धनी, इथे तर बहुतेक रानटी जनावरं. काहींना चेहऱ्यात रेड्याचं रूप दिसलं. मार्शल चूक की बरोबर हे तुम्हाला ठरवायचं नाहीये. 'पशुपती मुद्रेवरून शिवपूजा सिद्ध होते' हे वाक्य मात्र वहीतून आजच खोडा. तसंच तिथल्याच महास्नानगृहाचं. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, डांबराचा थर देऊन पाणी झिरपू नये अशी सोय केलेलं कुंड हा पुरावा. धार्मिक स्नान हा अन्वयार्थ, म्हणजे आपण लावलेला अर्थ.

यावर तुम्ही म्हणाल, मग काहीच ठामपणे लिहायचं नाही का? तसं नाही. वस्तू कुठे, कशासोबत सापडली यावर ठामपणा ठरतो. इनामगावलाच एका घरात मातीची झाकणाची पेटी मिळाली. आत शिर नसलेली स्त्रीमूर्ती, सोबत दुसरी स्त्रीमूर्ती आणि बैल. मूर्तीला आणि बैलाच्या पाठीला भोकं अशी, की काडी घालून ती बैलावर बसवता यावी. इथे देवी म्हणायला जोर आहे, कारण मांडणीच बोलते. उलट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादचं बघा. प्रवरेकाठी १९७४ मध्ये गावकऱ्याला झाडाच्या मुळाशी खोदताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस मिळाली. काय देखण्या वस्तू! पण त्या उत्खननातल्या थरातून आलेल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल वाद आहे. इनामगावची कमी देखणी मातीची मूर्ती जास्त सांगून जाते.

आता जरा कडू. टेलिग्रामवरच्या 'प्राचीन भारत ४० पानांत' असल्या पीडीएफ फेकून द्या. त्या बनवणाऱ्याने पहिली कुठली गोष्ट कापलेली असते? "असावा", "मानतात", "काहींच्या मते". म्हणजे नेमकं ज्याचे मार्क मिळतात तेच. मेंटॉरबद्दलही माझं मत फार बरं नाही. 'मी सांगतो तेवढंच वाचा' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब. रिडिंग रूममधला, तुमच्या उत्तरावर रोज भांडणारा मित्र त्याच्यापेक्षा बरा, आणि चहावर भागतो.

ग्रंथांनाही तीच शिस्त. ऋग्वेदात १०२८ सूक्तं, पण ती एका काळातली नाहीत. दुसरं ते सातवं मंडल (ऋग्वेदाचा भाग) जुनं, दहावं उशिराचं. चार वर्ण एकत्र येतात ते दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तात. तेवढ्यावरून अख्ख्या ऋग्वैदिक समाजाला वर्णव्यवस्था चिकटवली की मार्क गेले.

धर्माचे कप्पे पाडायची सवयही सोडा. त्यासाठी एक रविवार नाशिकच्या पांडवलेण्यांना द्या (पांडवांचा तिथे काही संबंध नाही). दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख वाचा. हा क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या शकांपैकी. ब्राह्मणांना गाई दान करतो आणि बौद्ध भिक्षूंना लेणंही देतो. वर भिक्षूंच्या चीवरांसाठी (वस्त्रांसाठी) २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेणीकडे (व्यवसाय-संघाकडे) महिना एक टक्का व्याजाने ठेवतो. वर्षाचे २४० होतात, वीस भिक्षूंना प्रत्येकी १२. धर्म, समाज, व्यापार, श्रेणी, सगळं एका लेखात. हे उदाहरण मी कितीतरी प्रश्नांत वापरलं आहे, तुम्हीही वापरा.

मराठी माध्यमाचं टेन्शन घेऊ नका. पुस्तकं बरीचशी इंग्रजीत वाचावी लागतात, हे खरंच कटकटीचं आहे, आणि सुरुवातीला वेग बसत नाही. पण 'स्तर', 'मृद्भांडी', 'ताम्रपाषाण', 'दानलेख' हे शब्द एकदा हातात बसले की पेन अडत नाही. 'पुरावा' आणि 'अन्वयार्थ' असे दोन रकाने पाडून नोट्स काढायच्या म्हणजे वेळ जातो, चिडचिड होते. होऊ दे. पहिलं प्रकरणच जड जातं.

पेपर एकमधला पहिला प्रश्न नकाशाचा, वीस स्थळं, प्रत्येकी अडीच मार्क, साधारण तीस शब्दांची टीप. तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. कोरा नकाशा घेऊन रोज पाच ठिकाणं टिंबाने दाखवा, आधी नद्या काढून. इनामगाव घोडवर, दायमाबाद आणि जोर्वे प्रवरेवर. टिपेत उत्खननात काय मिळालं ते आधी लिहा, अर्थ जागा उरली तर.