शौकिनांच्या समूहात गाडी विकायला टाकताना जाहिरात कशी लिहावी

गाडीवेड्यांच्या ऑनलाइन समूहात गाडी विकायला टाकली की ती वाचणाऱ्यांत तेच मॉडेल वर्षानुवर्षे चालवलेले लोक असतात. कुणी त्याचे इंजिन स्वतःच्या हाताने उतरवलेले असते, तर पत्रा आधी कुठे गंजतो हे कुणाला तोंडपाठ असते. ‘गाडी एकदम टकाटक, बघाल तर घ्याल’ या ओळीचा तिथे काही उपयोग होत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हा हिशेब या मंडळींपुढे उलटा पडतो, कारण मूठ झाकलेली दिसली की आत काहीतरी लपवले आहे असेच ते धरून चालतात. म्हणून माझा आग्रह असा की दोष गुणांच्या आधी लिहा आणि प्रत्येक विधानाला पुरावा जोडा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आधी समूहाचे नियम वाचा

नियम जागोजागी वेगळे असतात, पण काही जवळपास सगळीकडे सापडतात. सदस्य होऊन काही काळ गेलेला असावा, नुसते विकायला आलेल्यांना परवानगी नसते. गाडी स्वतःच्या नावावर असावी, मित्राची किंवा मेहुण्याची नको. एका गाडीची एकच जाहिरात. ती वर आणण्यासाठी उगाच प्रतिसाद टाकायचे नाहीत, त्यासाठी ठरावीक दिवसांचे अंतर पाळायचे. किंमत लिहिलीच पाहिजे. गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांनी तसे उघड सांगायचे.

हे नियम जाचक वाटतात खरे, पण प्रत्येकामागे कुणाची तरी फसवणूक झालेली असते. दुसऱ्याच्या गाडीचे फोटो उचलून बयाणा गोळा करायचा आणि गायब व्हायचे, हा सगळीकडे चालणारा प्रकार आहे. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी एक खूण मागतात: कागदावर आपले सदस्यनाव आणि आजची तारीख हाताने लिहायची, तो वायपरखाली ठेवायचा आणि गाडीसकट फोटो काढायचा. तुमच्या समूहात हा नियम नसला तरी असा फोटो टाकाच. गाडी खरोखर तुमच्या ताब्यात आहे हे त्या एका फोटोने कळते.

२. ओळख नेमकी लिहा

मॉडेलचे नाव आणि वर्ष एवढ्याने शौकिनाचे भागत नाही. इंजिनाचा प्रकार, गिअरबॉक्स, कारखान्यातून आलेला रंग आणि त्याचा कोड, कितवे मालक, मीटरवरचा आकडा हे सगळे हवे. मधे कधी मीटर बदलला असेल तर कोणत्या आकड्यावर बदलला ते कागदासकट सांगा. ही गोष्ट नंतर उघड झाली तर बाकीचे सगळे खरे असूनही कुणी विश्वास ठेवणार नाही.

चेसिस नंबर, म्हणजे व्हीआयएन, १९८१ पासूनच्या गाड्यांत साधारणपणे १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे येत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. तुम्ही टाइप केलेल्या नंबरात ओ दिसत असेल तर तिथे शून्य वाचायला हवे होते. पूर्ण नंबर सगळ्यांसमोर टाकावा की नाही यावर मतभेद आहेत. माझ्या मते जाहिरातीत ‘मागितल्यास देईन’ असे लिहावे आणि ज्याने गाडीबद्दल दोन नेमके प्रश्न विचारले आहेत त्याला तो लगेच द्यावा. तिथे टाळाटाळ नको. डॅशबोर्डावरचा, दाराच्या चौकटीवरचा आणि कागदांवरचा नंबर एकच आहे ना, हे मात्र जाहिरात टाकण्याआधी स्वतः पडताळून घ्या.

३. दोषांची यादी, आणि तीही आधी

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. दिवसाउजेडी गाडी धुऊन, पुसून तिच्याभोवती वही घेऊन फिरा. प्रत्येक पत्रा, प्रत्येक काच, प्रत्येक चाकाची रिम बघा. मग आत बसून प्रत्येक बटण दाबा: चारही काचा, आरसे, सीट गरम करण्याची सोय, एसीच्या सगळ्या पायऱ्या, मागचा वायपर. जे चालत नाही ते लिहा.

लिहिताना मोघम शब्द टाळा. ‘वयाप्रमाणे किरकोळ ओरखडे’ या वाक्यात काहीही मावते. त्याऐवजी असे लिहून बघा: ‘मागच्या डाव्या दारावर वीतभर ओरखडा, रंग निघाला आहे, पत्रा दबलेला नाही, फोटो १४. बोनेटच्या कडेला दगडाच्या टिचक्या, गंज नाही, फोटो १५. उजव्या पुढच्या रिमला घासल्याची खूण, फोटो १६.’ हे वाचणारा गाडी बघायला येतो तेव्हा त्याला नवे काही सापडत नाही, आणि घासाघीस करायलाही त्याच्या हाती फारसे उरत नाही.

रंगकाम झाले असेल तर कोणत्या पत्र्याला आणि का झाले ते सांगा. बहुतेक गाड्यांवर कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, आणि पुट्टी भरलेल्या जागी आकडा कित्येक शेकड्यांवर जातो. रंगाची जाडी मोजायचे यंत्र आता अनेक शौकीन खिशात घेऊनच येतात. तुमच्याकडे असेल तर प्रत्येक पत्र्याचा आकडा जाहिरातीतच द्या. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यासाठी मात्र तो धातू मोजू शकणारे यंत्र लागते, साध्या चुंबकी यंत्राला त्यावर काही कळत नाही.

याहून महत्त्वाचे आहे त्या मॉडेलचे प्रसिद्ध दुखणे. जवळपास प्रत्येक आवडत्या गाडीला एखादे असतेच. बीएमडब्ल्यू ई४६ मध्ये मागचा सबफ्रेम (मागची चाके आणि सस्पेन्शन पेलणारा सांगाडा) जिथे बसतो तिथे तळाच्या पत्र्याला तडे जातात. पोर्शे ९९६ आणि त्या काळच्या बॉक्सस्टरच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग तुटून इंजिन निकामी होण्याची धास्ती असते. माझदा एमएक्स-५ च्या दाराखालच्या पट्ट्या आतून गंजतात. माझदा आरएक्स-८ च्या रोटरी इंजिनाचे (यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात) कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, उतरते, आणि ते मोजायला नेहमीचे गेज पुरत नाही, प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगळे आकडे देणारे यंत्र लागते. तुमच्या मॉडेलबद्दल पहिला प्रश्न हाच येणार आहे. तेव्हा तो यायच्या आत उत्तर लिहा: तपासले का, कधी, काय आढळले, काय दुरुस्त केले. तपासले नसेल तर ‘तपासलेले नाही’ एवढे स्पष्ट लिहिले तरी चालते. त्या मुद्द्यावर गप्प राहणे तेवढे चालत नाही.

४. मॉडिफिकेशन वेगळ्या परिच्छेदात

बदललेल्या वस्तूचे नाव, ती कुणी बसवली आणि मूळ वस्तू सोबत देणार का, या तीन गोष्टी प्रत्येक बदलापुढे असाव्यात. मूळ सस्पेन्शन, मूळ सायलेन्सर, मूळ स्टिअरिंग माळ्यावर पडून असेल तर ते आवर्जून सांगा. गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते हे कळले की घेणारे वाढतात.

ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, ट्यूनिंग केले असेल तर लपवू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढलेला असेल तर तेही ठळकपणे लिहा, कारण घेणाऱ्याच्या भागात अशी गाडी रस्त्यावर आणणे बेकायदा असू शकते आणि विम्याचा दावाही अडू शकतो. बदलांवर केलेला खर्च किंमतीत जसाच्या तसा मिळवण्याची अपेक्षा मात्र सोडून द्या. तुमच्या आवडीचे पैसे दुसरा क्वचितच देतो.

५. यांत्रिक अवस्थेचे पुरावे

‘सर्व्हिस वेळेवर’ लिहिण्यापेक्षा बिले तारखेप्रमाणे लावून त्यांचे फोटो टाका, नाव-पत्ता झाकून. टाइमिंग बेल्ट असलेल्या गाडीत तो कधी आणि किती किलोमीटरला बदलला हे सर्वात वर लिहा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वाल्व्हवर आदळतात आणि सगळा वरचा भाग जातो, त्यामुळे या एका तारखेवर किंमत खरोखर हलते.

टायरबद्दल ‘नवेच आहेत’ असे न लिहिता बाजूवर ‘DOT’ या अक्षरांपुढे छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे द्या. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. खाचा भरपूर खोल दिसल्या तरी रबर जुने असू शकते, आणि चारही टायर एकाच वयाचे आहेत का हेही यावरून कळते. ब्रेक डिस्कवर कमीत कमी किती जाडी चालते तो आकडा बहुधा कोरलेला असतो. व्हर्नियर कॅलिपरने आताची जाडी मोजून दोन्ही आकडे दिले की प्रश्न मिटतो.

१९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांत ओबीडी-२, म्हणजे बिघाडाचे कोड नोंदवणारी आणि स्कॅनर जोडून ते वाचू देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. युरोपात तशी सक्ती पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, डिझेलला काही वर्षांनी आली. तुमच्या गाडीत ते असेल तर स्कॅनरचा स्क्रीनशॉट जोडा. पण ‘एकही एरर नाही’ एवढ्याने जाणकाराचे समाधान होत नाही. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांची स्थिती ‘अपूर्ण’ होते, आणि काही दिवस वेगवेगळ्या वेगाने चालवल्यावरच ती पूर्ण दिसते. म्हणून तपासण्या पूर्ण झाल्याचे दाखवणारे पानही त्यात हवे.

कॉम्प्रेशनचे आकडे देत असाल तर इंजिन गरम होते का आणि थ्रॉटल पूर्ण उघडा होता का ते लिहा. नुसत्या मोठ्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो.

६. फोटो आणि एक व्हिडिओ

सकाळी किंवा संध्याकाळी, नाहीतर ढगाळ दिवशी फोटो काढा. भर दुपारी रंगातले दोष चमकेत हरवतात आणि बघणाऱ्याला ते मुद्दाम केल्यासारखे वाटते. ओली गाडी नको, फिल्टर नको. चारी कोपरे, चारी चाके, इंजिन, डिकीतला गालिचा उचलून खालचा पत्रा, ड्रायव्हरच्या सीटची झिजलेली कड, पेडल, शक्य असेल तर गाडीचे पोट, आणि यादीतला प्रत्येक दोष क्रमांकासह. मूळ फोटोत काढल्या जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात, ती माहिती काढून मगच टाका. घराचा नंबर किंवा गॅरेजचे कुलूप मागे दिसत नाही ना, तेही बघा.

व्हिडिओ थंड इंजिनाचा हवा, रात्रभर उभ्या गाडीचा. बोनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे हे सांगा, मग कॅमेरा मीटरवर धरून, इंजिन सुरू न करता, चावी ‘ऑन’वर फिरवा. इंजिनाचा आणि ऑइलचा असे सगळे दिवे आधी लागले पाहिजेत आणि सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. जो दिवा मुळात लागलाच नाही त्याबद्दल शंका घ्यायला जागा राहते. मग मागे जाऊन सायलेन्सर दाखवा. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. दाट पांढरा आणि न थांबणारा धूर कूलंट आत जात असल्याचा इशारा असतो, थंडीत सुरुवातीला दिसणारी वाफ मात्र थोड्याच वेळात विरते. सगळे एकाच सलग शॉटमध्ये घ्या, मधे कापू नका.

७. किंमत

‘किंमत इनबॉक्समध्ये’ लिहू नका. ते बहुतेक ठिकाणी नियमाबाहेर असते, आणि प्रत्येकाला वेगळा भाव सांगायचा बेत आहे असा संशय येतो. त्याच अवस्थेच्या, तेवढ्याच चाललेल्या गाड्या कितीला विकल्या गेल्या ते शोधा. नुसते मागितलेले भाव बघून आकडा ठरवू नका. घासाघीस चालेल की नाही ते एका वाक्यात सांगा. किंमत कमी केलीत तर जुना आकडा खोडून दिसू द्या. आणि कुणी मागणी केली म्हणून जाहिरातीतला भाव वाढवू नका, ते कुणी विसरत नाही.

कुणाला भाव जास्त वाटला तर त्याने जाहिरातीखाली टीका न करता पुढे जावे, असा संकेत असतो. तरीही कुणी बोललेच तर एकदा शांतपणे कारण सांगा आणि वाद वाढवू नका.

८. चौकशी, भेट आणि फसवे लोक

सगळ्यांना उपयोगी पडेल अशा प्रश्नाचे उत्तर जाहिरातीखालीच द्या. ज्याने आधी विचारले त्याला आधी संधी, हा क्रम पाळा. बयाणा घेतलात तर ‘राखीव’ असे लिहा, आणि तो कोणत्या परिस्थितीत परत मिळेल हे आधी ठरवून ठेवा.

न बघता पूर्ण किंमत द्यायला तयार असणारा आणि ‘माझा वाहतूकदार गाडी घेऊन जाईल’ म्हणणारा माणूस जपून हाताळा. चुकून जास्त रक्कम पाठवली, फरक परत करा, असे म्हणणाऱ्याचे पैसे बहुधा आलेलेच नसतात. ‘गाडीचा इतिहास याच संकेतस्थळावरून काढून द्या’ असा आग्रह धरून पाठवलेली लिंक उघडू नका, तिथे तुमच्या कार्डाची माहिती चोरायची असते.

भेट दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी ठेवा. चालवून बघण्याआधी परवाना बघा आणि विमा दुसऱ्या चालकाला लागू आहे ना याची खात्री करा. आधी तुम्ही चालवा, मग जागा बदला. जागा बदलताना चावी हातात ठेवूनच उतरा. स्वतंत्र मेकॅनिककडे तपासणी करायला कुणी मागितली तर आनंदाने हो म्हणा.

९. विकल्यावर

पैसे खात्यात जमा झाल्याचे बँकेकडून कळले की मगच चावी आणि कागद द्या. तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांनी सही करा, एकेक प्रत ठेवा, आणि मालकी बदलल्याची नोंद लगेच कळवा. गाडीच्या स्क्रीनमधून फोन, संपर्क आणि घराचा पत्ता पुसा, मोबाइल अ‍ॅपवरून गाडी काढून टाका, टोलचा टॅग आणि गेटचा रिमोट काढून घ्या.

जाहिरातीवर ‘विकली’ अशी खूण करा, पण मजकूर, फोटो आणि किंमत तशीच राहू द्या. पुढच्या वेळी तेच मॉडेल घ्यायला किंवा विकायला निघालेल्या माणसाला खऱ्या अवस्थेची आणि खऱ्या भावाची नोंद तिथेच सापडते. नव्या मालकालाही गाडीचा मागचा इतिहास हवा असेल तेव्हा तो याच पानावर येतो.